एक सिनेमा, दोन दिग्दर्शक: ‘जस्टिस लीग’चं प्रकरण

दोन दिग्दर्शकांची तुलना करायला बसलं की पहिल्याच पावलाला अडचण येते. दोघांच्या हातात वेगवेगळी सामग्री असते. पटकथा वेगळी, नट वेगळे, पैसा वेगळा. मग ‘तुला तो आवडतो, मला हा आवडतो’ यापुढे गाडी जात नाही. ‘जस्टिस लीग’ हे त्या बाबतीत दुर्मीळ प्रकरण आहे. तीच कथा, तेच सहा सुपरहिरो (बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन, सायबॉर्ग), तेच नट, तोच खलनायक, थोडंफार चित्रीकरणसुद्धा तेच. आणि तरी सिनेमे दोन. पहिला १७ नोव्हेंबर २०१७ ला थिएटरांत लागला. तो पूर्ण केला जॉस व्हीडनने. दुसरा १८ मार्च २०२१ ला घरच्या पडद्यावर आला. तो झॅक स्नायडरचा. पहिला दोन तासांचा, दुसरा चार तास दोन मिनिटांचा.

यावर आजवर जे लिहिलं गेलं, त्यात एक तर स्नायडरची आरती आहे, नाहीतर त्याच्या चाहत्यांची टिंगल. मला त्या दोन्हीत फारसा रस नाही. सुपरहिरोंची टीम बनते कशी, याबद्दल या दोघांच्या कल्पना मुळातच वेगळ्या आहेत, आणि एकाने उभ्या केलेल्या सांगाड्यावर दुसऱ्याची कल्पना बसवायला घेतल्यावर नेमकं काय मोडलं, ते इथे जवळून बघता येतं.

दोघांची घडण

व्हीडन टीव्हीतून आलेला माणूस. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही त्याची मालिका १९९७ पासून सात सीझन चालली. त्याआधी तो दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करून द्यायचा. ‘स्पीड’चे बरेच संवाद त्याचे आहेत, श्रेयनामावलीत नाव नसलं तरी. ‘टॉय स्टोरी’च्या लेखकांना पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यात तो होता. त्याचं खरं बलस्थान संवाद. एका खोलीत पाच-सहा माणसं कोंडायची, प्रत्येकाला वेगळी खोड द्यायची आणि त्यांना एकमेकांच्या अंगावर सोडायचं, यात त्याचा हात धरणारे थोडे.

२०१२ चा ‘द अव्हेंजर्स’ त्याने लिहिला आणि दिग्दर्शित केला. जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. त्या सिनेमाची मधली तासभराची मजा लढाईत नाही, भांडणात आहे. उडत्या जहाजाच्या प्रयोगशाळेत सगळे जमतात. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) स्टीव्ह रॉजर्सला (कॅप्टन अमेरिका) डिवचतो, थॉर सगळ्यांनाच तुच्छतेने हसतो, बॅनर (हल्क) बोलता बोलता नकळत शत्रूचा राजदंड हातात घेतो. टीम होण्याआधी ती अशी फाटते. शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सहाही जण गोल उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो तेव्हा टाळ्या पडतात, त्या आधीच्या भांडणामुळे. सगळं संपल्यावर तीच मंडळी दमून, एक अक्षर न बोलता श्वार्मा खात बसतात. व्हीडनची टीम बोलण्यातून बनते. ती बनली हे कळतं, ते आता बोलायची गरज उरली नाही यावरून.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. ‘द अव्हेंजर्स’च्या आधी मार्व्हलचे पाच सिनेमे येऊन गेले होते. आयर्न मॅन, हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका या प्रत्येकाची ओळख कुणीतरी आधीच करून दिली होती. कोण कुठून आला, कुणाचं काय दुखतं, हे प्रेक्षक घरूनच पाठ करून आला होता. व्हीडनला थेट भांडणापासून सुरुवात करता आली.

स्नायडर जाहिरातपटांतून आलेला. ‘डॉन ऑफ द डेड’, मग ‘३००’, मग २००९ चा ‘वॉचमेन’. स्टोरीबोर्ड स्वतः काढतो. त्याच्या डोक्यात आधी चित्र येतं, माणसं त्यानंतर त्या चित्रात येऊन उभी राहतात. ‘वॉचमेन’ची श्रेयनामावली आठवून बघा: कथेतल्या कित्येक दशकांचा इतिहास जवळजवळ थबकलेल्या चित्रांतून, एकाही संवादाशिवाय सांगितलेला. त्याचे सुपरहिरो खोलीत बसून गप्पा मारणारे नसतातच. ते डोंगराच्या कड्यावर, पावसात, ढगांच्या वर एकटे उभे असतात. प्रत्येकाच्या पाठीवर कुणाच्या तरी मृत्यूचं ओझं. असे सहा एकटे लोक शेवटी एका रेषेत उभे राहिले की त्याच्या लेखी टीम झाली. हे साधायचं तर आधी प्रत्येकाचं एकटेपण दाखवावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि वेळ मागताना स्नायडरने कधी हात आखडता घेतलेला नाही.

गाडी रुळावरून उतरली ती

स्नायडरचा २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’ झाला, आणि मार्च २०१६ मध्ये ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आला. कमाई ८७ कोटी डॉलरची, म्हणजे कुठल्याही इतर सिनेमासाठी झकास. पण समीक्षकांनी तो अक्षरशः सोलून काढला आणि अमेरिकेत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गल्ला ६९ टक्क्यांनी घसरला. फार काळवंडलेला, फार रडका, विनोद औषधालाही नाही, अशी ओरड झाली. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लंडनजवळच्या लीव्ह्सडेन स्टुडिओत ‘जस्टिस लीग’चं चित्रीकरण सुरू झालं. विचार करायला वेळ कुणालाच नव्हता. क्रिस टेरिओची पटकथा तयार होती, सेट उभे होते, तारीख जाहीर झालेली होती. जूनमध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने पत्रकारांना सेटवर बोलावलं आणि ‘यावेळी हलकंफुलकं आहे बरं का’ असं पटवायचा प्रयत्न केला. दिग्दर्शक तोच ठेवायचा आणि सूर मात्र बदलून मागायचा, ही गडबड तिथूनच सुरू झाली.

चित्रीकरण ऑक्टोबरात संपलं. स्नायडरचं कच्चं संकलन स्टुडिओच्या पचनी पडेना. जादा प्रसंग लिहायला व्हीडनला आणलं गेलं. मार्च २०१७ मध्ये स्नायडरच्या मुलीने, ऑटमने, आत्महत्या केली. काही आठवडे त्याने काम रेटून बघितलं आणि मेमध्ये तो आणि त्याची निर्माती पत्नी डेबोरा, दोघेही बाहेर पडले. पुढचं चित्रीकरण आणि संकलन व्हीडनकडे गेलं.

इथे स्टुडिओला एक साधा निर्णय घेता आला असता: तारीख पुढे ढकलण्याचा. तो घेतला नाही. उलट वरून आणखी एक अट आली, सिनेमा दोन तासांच्या आत बसला पाहिजे. या अटीचं महत्त्व कळायला व्हीडनचेच आकडे बघावे. त्याचा ‘द अव्हेंजर्स’ १४३ मिनिटांचा, त्याचा पुढचा भाग ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ १४१ मिनिटांचा. सगळ्यांची ओळख आधी झालेली असताना, स्वतः लिहिलेल्या कथेला, त्याला स्वतःलाच एवढा वेळ लागला होता. ‘जस्टिस लीग’मध्ये सहापैकी तीन जण, फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग, प्रेक्षकाला जवळजवळ अनोळखी होते. अ‍ॅक्वामॅनचा स्वतंत्र सिनेमा २०१८ मध्ये आला, फ्लॅशचा २०२३ मध्ये. सायबॉर्गचा जाहीर झाला होता, आलाच नाही. मार्व्हलने ज्या क्रमाने जिना चढला, तो वॉर्नरने उलटा चढायला घेतला, आणि वर मिनिटंही कमी दिली.

गंमत अशी की स्टुडिओची कात्री काय असते हे व्हीडनला चांगलं ठाऊक होतं. ‘एज ऑफ अल्ट्रॉन’च्या वेळी शेतघरातला शांत भाग ठेवायचा की नाही यावरून त्याचं मार्व्हलशी वाजलं होतं, आणि त्या कटकटीने आपण किती थकलो हे त्याने नंतर मुलाखतीत उघड सांगितलं होतं. दोन वर्षांनी तोच माणूस दुसऱ्याच्या सिनेमातले शांत भाग कापायला बसला.

सुमारे दोन महिने पुनर्चित्रण झालं. त्यावर अडीच कोटी डॉलर गेल्याच्या बातम्या होत्या. संगीतकार जंकी एक्सएल जाऊन डॅनी एल्फमन आला आणि त्याने १९८९ च्या ‘बॅटमॅन’मधली स्वतःचीच धून परत वाजवली. आणि मग ती मिशी. सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल तोवर ‘मिशन इम्पॉसिबल’च्या सहाव्या भागासाठी मिशी राखून बसला होता, आणि तो सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंटने ती काढायला साफ नकार दिला. मग मिशीसकट चित्रीकरण करून संगणकावर ती पुसली. २०१७ चा सिनेमा सुरूच होतो तो एका लहान मुलाच्या फोनवर टिपलेल्या सुपरमॅनच्या छोट्या मुलाखतीने. प्रसंग गोड आहे, आणि व्हीडनचा हेतू उघड आहे: लोकांना हसरा, आपला वाटणारा सुपरमॅन आधी दाखवायचा. पण बघणाऱ्याची नजर त्याच्या वरच्या ओठावर खिळते. तो ओठ माणसाचा वाटत नाही.

सायबॉर्गचं काय झालं

दोन सिनेमांतले सगळे फरक मोजत बसलो तर यादी संपणार नाही. म्हणून मी एकाच पात्राकडे बघतो. व्हिक्टर स्टोन ऊर्फ सायबॉर्ग, नट रे फिशर.

स्नायडरच्या सिनेमात व्हिक्टर कॉलेजचा फुटबॉलपटू आहे. भर बर्फात सामना जिंकून देतो. प्रेक्षकांत आई बसलेली, तिच्या शेजारची वडिलांची खुर्ची रिकामी. परतताना अपघात होतो, आई जाते. वडील सायलस स्टोन, शास्त्रज्ञ, एका परग्रहीय यंत्राच्या, मदर बॉक्सच्या, बळावर मुलाला कसंबसं जगवतात. पण उरतो तो अर्धा चेहरा आणि बाकी सगळं धातू. मुलगा वडिलांशी बोलत नाही. वडील त्याच्यासाठी टेपवर आपला आवाज मुद्रित करून ठेवतात. त्या टेपवरून व्हिक्टरला समजतं की जगातली अण्वस्त्रं आणि बँका आता आपल्या हातात आहेत. आणि एवढी ताकद हाती आल्यावर तो पहिलं काम काय करतो? घरभाड्याला महाग झालेल्या, एकटीने मुलं वाढवणाऱ्या एका वेट्रेसच्या खात्यात गुपचूप पैसे टाकतो. ती एटीएमसमोर उभी आहे, आणि पडद्यावरचा आकडा बघून तिचा विश्वास बसत नाही. एवढ्याशा प्रसंगात हा मुलगा कोण आहे ते कळतं. कुणी काही बोलत नाही.

२०१७ च्या सिनेमात यातलं जवळपास काही नाही. फुटबॉल गेला, वेट्रेस गेली, आई गेली. उरला अंधाऱ्या घरात बसलेला, वडिलांशी चार वाक्यं तुसडेपणाने बोलणारा धातूचा पोरगा. त्याच्या तोंडी ‘बूयाह’ हा कार्टून मालिकेतला उद्गार मात्र आवर्जून घातला गेला. आई, फ्लॅशला भेटणारी आयरिस वेस्ट, शास्त्रज्ञ रायन चॉय ही सगळी पात्रं पुसली गेली. यांतलं एकही पात्र गोरं नव्हतं, याकडे फिशरने नंतर बोट दाखवलं.

आता एकच कथाबिंदू दोघांनी कसा हाताळला ते बघू. आधीच्या सिनेमात मेलेल्या सुपरमॅनला मदर बॉक्सच्या मदतीने जिवंत केलं जातं. तो भांबावलेला असतो, आपल्याच लोकांवर तुटून पडतो. आणि त्या गोंधळात खलनायक स्टेपनवुल्फ तीनपैकी शेवटचा बॉक्स पळवतो. कथेला हे लागतंच. व्हीडनच्या सिनेमात बॉक्स चक्क बाहेर उघड्यावर पडून राहतो, कारण सगळे मारामारीत गुंतलेत. जगाचं भवितव्य ज्यात आहे ती वस्तू सगळे सुपरहिरो विसरून जातात. थिएटरात हे बघताना डोक्याला हात लावावा लागतो. स्नायडरच्या सिनेमात बॉक्स सायलसने प्रयोगशाळेत नेलेला असतो. स्टेपनवुल्फ येतोय हे कळल्यावर तो स्वतःला आत कोंडून घेतो आणि लेझरने बॉक्स तापवतो. काचेपलीकडे व्हिक्टर ओरडत असतो. सायलस मुलाच्या डोळ्यांदेखत जळून जातो. बॉक्स जातोच, पण आता तो इतका तप्त आहे की जगात कुठेही त्याचा माग काढता येतो. कथा पुढे सरकते, बाप-लेकाचं भांडण अर्ध्यात तुटतं, आणि टीमला दिशाही मिळते. व्हीडनच्या सिनेमात सायलस जिवंत राहतो, पण राहून करत काही नाही.

याचा हिशेब शेवटच्या लढाईत लागतो. तिन्ही बॉक्स एक झालेत आणि सायबॉर्गने आत शिरून ते तोडायचेत. स्नायडरच्या सिनेमात ते यंत्र त्याला आमिष दाखवतं: आई-वडील समोर उभे, त्याचं जुनं, धडधाकट शरीरही समोर, ये, तुला सांधून देतो. आणि तो उत्तर देतो की आपण मोडलेलो नाही, आणि एकटेही नाही. हे ‘एकटे नाही’ ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तोवर साडेतीन तास आपण त्याचं एकटेपण बघितलेलं असतं. व्हीडनच्या सिनेमात याच जागी सायबॉर्ग आणि सुपरमॅन दोघे मिळून बॉक्स ओढून वेगळे करतात, धडाका होतो, दोघे पडतात, दुखतंय म्हणून विनोद करतात आणि हसतात. व्हीडनचा नियम हाच: दोन माणसं एकत्र हसली म्हणजे ती मित्र झाली. ‘द अव्हेंजर्स’मध्ये हे शंभर टक्के चाललं होतं. इथे हसणाऱ्यांपैकी एक कोण, हेच आपल्याला माहीत नाही.

व्हीडनच्या पारड्यात

तरीही व्हीडनचं काहीच जमलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सिनेमातल्या दोन सर्वांत चांगल्या बोलक्या जागा त्याच्याच आहेत.

पहिली फ्लॅशची. बोगद्यात ओलीस माणसं अडकलीत. बॅरी अ‍ॅलन पहिल्यांदाच खऱ्या लढाईच्या तोंडाशी उभा आहे आणि त्याचे पाय लटपटतायत. मला किडे आवडत नाहीत, बंदुका आवडत नाहीत, मी आजवर लोकांना ढकलून पळण्यापलीकडे काही केलेलं नाही, असं तो कबूल करतो. बॅटमॅन त्याला एवढंच सांगतो: एकाला वाचव. मग? मग तुझं तुलाच कळेल. वीस वर्षं हे काम करून थकलेल्या माणसाने नवख्याला द्यावा असाच हा सल्ला आहे. चार तासांच्या सिनेमात इतकं नेमकं, माणसाने माणसाशी केलेलं बोलणं मला सापडलं नाही.

दुसरी जागा ब्रूस (बॅटमॅन) आणि डायनाच्या (वंडर वुमन) भांडणाची. तो तिला तिच्या मेलेल्या प्रियकरावरून, स्टीव्ह ट्रेव्हरवरून, टोचतो, ती त्याला एका धक्क्यात मागे फेकते. स्नायडरच्या टीममधलं कुणी कुणाच्या वर्मावर असं बोट ठेवत नाही. त्याचे सुपरहिरो एकमेकांशी फारच अदबीने वागतात. चौकशी करतात, माहिती देतात, पुढच्या ठिकाणी जातात. अ‍ॅक्वामॅन सत्य वदवून घेणाऱ्या दोरावर नकळत बसतो आणि मनातलं सगळं भडाभडा ओकतो, हा विनोदही व्हीडनचा, आणि तोही छान जमलाय. पण फ्लॅश वंडर वुमनच्या अंगावर पडतो तो प्रसंग बघून मात्र वाटतं, हा माणूस अजून नव्वदच्या दशकातल्या टीव्हीवर आहे.

आणि स्नायडरचा सोस विसरून कसं चालेल? अ‍ॅक्वामॅन समुद्रात निघून जातो, तर किनाऱ्यावरच्या बायका गाणं म्हणत उभ्या राहतात. एक जण त्याचा स्वेटर हुंगते. फ्लॅश पहिल्यांदा पळतो तेव्हा हवेत तरंगणारं सॉसेजसुद्धा संथगतीत बघावं लागतं. वंडर वुमन पडद्यावर आली की दर वेळी तोच आलाप. लढाई संपल्यावर उपसंहार सुरू होतो आणि थांबतच नाही: लेक्स ल्यूथर झाला, उजाड भविष्याचं स्वप्न झालं, जोकर झाला, मंगळावरचा पाहुणाही येऊन गेला. यातला जोकर २०२० मध्ये नव्याने चित्रित केलेला. कथेत त्याचं काम काहीच नाही.

खलनायक आणि आभाळ

स्टेपनवुल्फबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये तो करडा, कंटाळवाणा राक्षस. बॉक्सना ‘मदर’ म्हणत फिरतो, का ते कळत नाही. २०२१ मध्ये त्याच्या अंगावर जिवंत असल्यासारखं सळसळणारं चिलखत आहे, आणि मुख्य म्हणजे एक दुखणं आहे. एका जुन्या चुकीमुळे मालक डार्कसाइडने त्याला हाकललंय, आणि पन्नास हजार ग्रह जिंकून दिल्याशिवाय परत घेणार नाही. आडबाजूला बदली होऊन सडत पडलेला अधिकारी मुख्यालयात परतायला धडपडतो, तशी त्याची धडपड. दुष्ट आहेच, पण त्याची कीवही येते.

शेवटच्या लढाईचं ठिकाण दोन्हीकडे रशियातला ओसाड अणुप्रकल्पच. व्हीडनने आभाळ लालभडक केलं आणि तिथे एक घाबरलेलं कुटुंब आणून बसवलं, कारण सुपरहिरो लोकांना वाचवतात हे दिसायला हवं. हा विचार बरोबर आहे. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’वर सगळ्यात मोठा आक्षेप तोच होता. फ्लॅश धापा टाकत एक ट्रक ढकलतो आणि वर बघतो तर सुपरमॅन आख्खी इमारत उचलून चाललाय, यावर हसू येतं. पण ते कुटुंब कथेत उपरंच राहतं.

स्नायडरच्या सिनेमात लढाई रात्रीची आहे, आणि ती टीम हरते. बॉक्स एक होतात, सगळे जळून जातात. जखमी फ्लॅश एकटा उरतो आणि स्वतःला घालून दिलेला नियम मोडून प्रकाशापेक्षा वेगाने धावतो. काळ मागे फिरतो. त्याच्या पावलांखाली फुटलेली जमीन तुकड्या-तुकड्याने परत जुळत जाते, सुपरमॅनची हाडं पुन्हा अंग धरतात. तुरुंगातल्या बापाला उद्देशून तो मनातल्या मनात बोलत असतो. संथगतीचा स्नायडरने आयुष्यभर केलेला वापर इथे सार्थकी लागतो, कारण इथे ती शोभेसाठी नाही. काळच हळू झालाय आणि गोष्ट त्यावरच टांगलेली आहे. हा प्रसंग व्हीडनच्या सिनेमात नाहीच.

पुढे काय झालं

२०१७ च्या सिनेमाचा अमेरिकेतला पहिला आठवड्याचा शेवट ९.३८ कोटी डॉलरचा, ‘द अव्हेंजर्स’च्या निम्म्याहून कमी. जगभरात सुमारे ६५.८ कोटी. म्हणजे सहा सुपरहिरोंनी मिळून, एकट्या सुपरमॅनने ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये कमावले तेवढेही आणले नाहीत. खर्च तीस कोटींच्या घरात असल्याचं छापून आलं होतं.

मग चाहत्यांनी ‘स्नायडर कट’ची, म्हणजे स्नायडरची मूळ आवृत्ती दाखवा अशी, मोहीम उघडली. जाहिरातफलक लागले, विमानामागे बॅनर फडकले. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी याच लोकांनी लाखो डॉलर उभे केले. याच गर्दीतल्या काहींनी विरोधकांना समाजमाध्यमांवर गलिच्छ त्रासही दिला. त्या चर्चेतली किमान १३ टक्के खाती बनावट होती असा वॉर्नरने करून घेतलेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने छापला. मे २०२० मध्ये स्टुडिओने मान तुकवली. एचबीओ मॅक्स ही नवी सेवा सुरू होत होती, आणि करोनाने सगळीकडची चित्रीकरणं बंद पडली होती. सुमारे सात कोटी डॉलर खर्चून सिनेमा पुरा केला गेला. भारतात एचबीओ मॅक्स तेव्हा नव्हतं; आपल्याकडे तो मुंबईच्या बुकमायशोने नुकत्याच सुरू केलेल्या स्ट्रीम सेवेवर आणि आणखी दोन-चार ठिकाणी मिळाला. चित्र जवळजवळ चौकोनी, आयमॅक्सच्या उंच पडद्यासाठी योजलेलं. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे बघून केबलवाल्याला फोन करावासा वाटला असेल तर नवल नाही. शेवटी पडद्यावर ‘ऑटमसाठी’ अशी अर्पणपत्रिका येते.

दरम्यान जुलै २०२० मध्ये रे फिशरने, पुनर्चित्रणाच्या वेळी व्हीडनची वागणूक अपमानास्पद होती असा जाहीर आरोप केला. वंडर वुमन झालेल्या गॅल गडोटनेही नंतर आपल्याला धमकावल्याचं सांगितलं. कंपनीने चौकशी केली आणि डिसेंबरमध्ये ‘योग्य ती कारवाई’ झाल्याचं कळवून विषय संपवला. व्हीडनने २०२२ च्या एका मुलाखतीत हे आरोप नाकारले. हा वाद खरा-खोटा ठरवणं या लेखाचं काम नाही. पण ज्या नटाची भूमिका सर्वाधिक कापली गेली, तक्रारही त्यानेच पहिली केली, एवढं नोंदवायला हवं.

तराजू सरळ आहे का?

माझं मत एव्हाना लपलेलं नाहीच: २०२१ चा सिनेमा उजवा आहे, आणि बराच उजवा आहे. पण यावरून ‘स्नायडर श्रेष्ठ, व्हीडन कनिष्ठ’ असा निकाल लावणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

व्हीडनला सहा महिने मिळाले, तेही दुसऱ्याच्या सेटवर, दुसऱ्याने निवडलेल्या नटांबरोबर आणि डोक्यावर दोन तासांची अट घेऊन. स्नायडरला दुसऱ्यांदा संधी मिळाली तेव्हा पहिल्या सिनेमाच्या चुका जगजाहीर झाल्या होत्या. त्याने स्वतः तो सिनेमा बघितलेला नाही. बायकोने आणि क्रिस्टोफर नोलनने बघून ‘तू बघू नकोस’ असं बजावलं, हे त्यानेच सांगितलंय. पण चार वर्षं लोक काय बोलत होते ते त्याच्या कानावर आलंच असणार. शिवाय तिकीटबारी नाही, दिवसाला खेळ किती लागतील याची फिकीर नाही, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं तरी हरकत नाही. अशी मोकळीक २०१७ मध्ये जगातल्या कुठल्याच स्टुडिओने, कुठल्याच दिग्दर्शकाला, इतक्या महागड्या सिनेमासाठी दिली नसती.

कागदोपत्री तर ही तुलनाच होत नाही. अमेरिकी दिग्दर्शक संघटनेचा रिवाज एका सिनेमाला एकच दिग्दर्शक असा आहे. त्यामुळे २०१७ च्या सिनेमावरही दिग्दर्शक म्हणून नाव झॅक स्नायडरचंच आहे. व्हीडनचं नाव टेरिओबरोबर पटकथेत आहे. नावडता सिनेमाही नावावर स्नायडरच्याच लागला.

खरी तुलना करायची तर २०१७ मध्ये स्नायडरने स्वतःच्या हाताने थिएटरसाठी कापलेला, अडीच तासांचा ‘जस्टिस लीग’ समोर हवा होता. तो अस्तित्वात नाही. पण तो कसा झाला असता याचा एक पुरावा आहे. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ थिएटरात १५१ मिनिटांचा आला होता, स्नायडर जागेवर असताना आणि मध्ये कुणी व्हीडन नसताना. तेव्हाही प्रेक्षकांची तक्रार हीच होती की कोण कशासाठी काय करतंय याचे धागे लागत नाहीत. काही महिन्यांनी १८२ मिनिटांची आवृत्ती आली, आणि त्यात पत्रकार लोइस लेनच्या तपासाचे कापलेले प्रसंग परत जागेवर आल्यावर कथा एकदम उलगडली.